मिताक्षरेतील युक्तिवाद आणि आपल्या घरांतील तर्कदोष

तर्कशास्त्र हा पंडितांचा विषय असून संसारी माणसाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, असा समज आपल्या समाजात दृढ झालेला आहे. वस्तुतः मराठी बोलणारा माणूस या शास्त्राची परिभाषा दिवसातून अनेकदा वापरीत असतो. 'शब्दच्छल करू नका', 'उगाच वितंडवाद कशाला', 'दृष्टांत देऊन सांगा' ही वाक्ये आपण सहज उच्चारतो. छल, वितंडा आणि दृष्टांत हे तिन्ही शब्द गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितलेल्या सोळा पदार्थांपैकी आहेत, याची मात्र आपल्याला आठवण नसते. आपल्या म्हणींतही हे शास्त्र मुरलेले आहे. शितावरून भाताची परीक्षा करणे हे विगमन होय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो तेव्हा केवळ लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव मानू नये, हाच इशारा देत असतो. प्रतिपक्षाच्या मुद्द्याचा विपर्यास करून त्या विपर्यासाचेच खंडन करणे या दोषाला तर 'साप साप म्हणून भुई धोपटणे' याहून नेमके नाव पाश्चात्त्य ग्रंथांतही सापडणार नाही.

असे असूनही युक्तिवादाची परीक्षा करण्याची सवय आपल्याला नाही. पर्वतावरील धूर आणि अग्नी यांची उदाहरणे पाठ करून ती लागतही नाही. ज्या प्रश्नात आपले स्वतःचे काही गुंतलेले आहे, त्या प्रश्नावरच बुद्धीची खरी कसोटी लागते. म्हणून प्रस्तुत लेखासाठी आम्ही वडिलोपार्जित जमीन आणि तीतील मुलीचा वाटा हा विषय घेतला आहे. याला आणखीही एक कारण आहे. या विषयावर भारतातील सर्वाधिक प्रभावी ठरलेला तर्कग्रंथ आपल्याच बीदर जिल्ह्यातील कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सिद्ध झाला. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली 'मिताक्षरा' ही टीका तो ग्रंथ होय. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे गावही विज्ञानेश्वराशी आपले नाते सांगते. कोलब्रुकने १८१० साली तिच्या दायविभागाचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याहून प्रसिद्ध केला आणि बंगालचा प्रदेश वगळता बहुतेक भारतात हिंदूंच्या वारसाहक्काचा तोच आधारग्रंथ ठरला. मैलूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी या ग्रंथाचे नाव बहुधा वकिलांच्या तोंडूनच ऐकले असेल. तो तर्काचा ग्रंथ म्हणून वाचण्याजोगा आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

युक्तिवादाची अंगे

प्रथम थोडी परिभाषा स्पष्ट करून घेऊ. युक्तिवाद म्हणजे काही विधानांच्या आधारावर दुसरे एखादे विधान प्रस्थापित करणे. आधारविधाने सत्य मानली असता निष्कर्ष नाकारताच येत नाही, तेथे निगमन होते. अनेक उदाहरणे पाहून सर्वसामान्य नियम बांधला, तर ते विगमन होय. त्याचा निष्कर्ष संभाव्य असतो, निश्चित नसतो. एका वस्तूशी असलेल्या साम्यावरून दुसरीविषयी अनुमान केले, तर ते सादृश्यानुमान होते, आणि साम्य जितके प्रस्तुत तितकेच त्याला बळ असते. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो, त्यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे असे मानणे, ही मीमांसकांची अर्थापत्ती होय.

न्यायशास्त्राने परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. येथील निगमन म्हणजे शेवटचा अवयव, निष्कर्षाचा पुनरुच्चार. मराठीत 'हेतू' म्हणजे उद्देश असा अर्थ रूढ झाला आहे, पण शास्त्रात हेतू म्हणजे कारण, ज्याच्या बळावर प्रतिज्ञा उभी राहते तो आधार. हा हेतू सदोष असला की हेत्वाभास होतो. न्यायसूत्रांत असे पाच हेत्वाभास सांगितले आहेत. ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथात तेरा तर्कदोष गणले आहेत. दोन्ही परंपरांतील सर्व नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. हेतू मुळात खरा आहे काय, आणि खरा असल्यास तो जेथे जेथे असतो तेथे तेथे साध्यही असते काय, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी बरेचसे काम भागते.

स्वत्व कोठून येते?

दायविभागाच्या आरंभी विज्ञानेश्वर एक मूलगामी प्रश्न उपस्थित करतो. 'ही वस्तू माझी आहे' हे आपल्याला कशावरून कळते? स्वत्व हे केवळ शास्त्रवचनांवरून कळणारे आहे, की लोकव्यवहारावरून? आज हा प्रश्न निष्फळ वाटेल, परंतु विज्ञानेश्वराने त्याचे प्रयोजनही दाखविले आहे. स्वत्व केवळ शास्त्राधीन मानले, तर पित्याने निंद्य मार्गाने मिळविलेले धन त्याचे होतच नाही आणि मुलांना ते वाटून घेता येत नाही. स्वत्व लौकिक मानले, तर धन त्याचेच ठरते. दोष मिळविणाऱ्याच्या माथी राहतो आणि मुलांना तो लागत नाही.

प्रथम तो पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडीत नाही. स्वत्व लौकिक असेल, तर चोराने वस्तू हाती घेताच ती त्याची होईल, आणि 'माझे धन याने चोरले' ही तक्रार अर्थहीन ठरेल. शिवाय शास्त्राने स्वामित्वाची साधने सांगण्याचेही कारण उरणार नाही. हा आक्षेप बळकट आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडावा आणि मगच त्याला उत्तर द्यावे, ही भारतीय वादपद्धतीची शिस्त विज्ञानेश्वराने कसोशीने पाळली आहे. आपल्या आजच्या सभांतून आणि वृत्तपत्रीय वादांतून नेमकी हीच शिस्त नाहीशी झाली आहे.

उत्तरपक्षात तो एक रेखीव अनुमान मांडतो. स्वत्व लौकिक आहे, ही प्रतिज्ञा. ते लौकिक कार्य साधते, हा हेतू. धान्यादी पदार्थ, हे उदाहरण. ज्या गोष्टी केवळ शास्त्रानेच कळतात, जसा यज्ञातील आहवनीय अग्नी, त्या लौकिक कार्य साधीत नाहीत, हे उलट बाजूचे उदाहरण. येथे लगेच शंका येते की, आहवनीय अग्नीवरही भात शिजेलच की! विज्ञानेश्वर ही शंका टाळीत नाही. भात शिजतो तो अग्नी म्हणून, आहवनीय म्हणून नव्हे, असे तो सांगतो. उलटपक्षी, विक्री करता येते ती वस्तूवर स्वत्व आहे म्हणून. ज्याचे स्वत्व नाही, त्याला ती विकता येत नाही. वस्तू कोणत्या रूपाने कार्य करते हे वेगळे काढून दाखविणे ही तर्कातील फार सूक्ष्म क्रिया आहे. आजच्या विज्ञानातील प्रयोगपद्धतीही अखेर हेच करते.

दुसरे प्रमाण त्याहून लक्षणीय आहे. शास्त्राचा व्यवहार ज्यांना ठाऊकच नाही, अशा प्रत्यंतवासी, म्हणजे सीमाप्रदेशात राहणाऱ्या, लोकांतही खरेदी-विक्री चालते, अर्थात स्वत्वाची कल्पना त्यांनाही आहे, असे तो दाखवून देतो. शास्त्र नसतानाही कार्य दिसते, तेव्हा शास्त्र हे त्याचे एकमेव कारण नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले आणि आपण प्रत्यंतवासी झालो. त्या आपल्याला कल्याणच्या या पंडिताने सीमेवरील माणसाचा व्यवहार प्रमाण म्हणून पुढे आणावा, याचे विशेष वाटल्यावाचून राहत नाही.

चोराविषयीच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की, लोकव्यवहारातही कोणत्याही मार्गाने हाती आलेली वस्तू आपली होत नाही. खरेदी, वारसा इत्यादी साधनांविषयी संशय असला म्हणजे स्वत्वाविषयीही संशय येतो. लौकिक म्हणजे अनिर्बंध नव्हे, हा भेद त्याने नीट राखला आहे.

जन्म हा हेतू, आणि त्याला चिकटलेली उपाधी

पुढचा प्रश्न असा. वाटणीमुळे स्वत्व उत्पन्न होते, की मुळात आपले असलेल्याचीच वाटणी होते? विज्ञानेश्वराचा निर्णय दुसऱ्या पक्षाकडे आहे. समुदायावर अनेकांचे जे स्वामित्व आधीच आहे, ते त्या त्या भागावर निश्चित करून देणे, म्हणजे विभाग. जे आपले नाही त्याची वाटणी कशी होणार? तेव्हा पुत्राचे स्वत्व वाटणीपूर्वीच, जन्मानेच, असले पाहिजे. बंगालचा जीमूतवाहन आपल्या 'दायभागा'त याच्या विरुद्ध मत मांडतो. पित्याचे स्वत्व संपल्यावरच पुत्राचे उत्पन्न होते, असे त्याचे म्हणणे.

येथवर युक्तिवाद निर्दोष आहे. पण जन्माने स्वत्व येते ते पुत्रालाच, कन्येला का नाही? येथे टीकाकाराने थबकले पाहिजे. जन्म हा हेतू मानला, तर तो कन्येच्या ठायीही आहे. हेतू आहे आणि साध्य नाही, अशी स्थिती आली की हेतू सव्यभिचार होतो. त्यातून सुटण्याचा एकच मार्ग असतो. हेतूला एखादी उपाधी जोडावी लागते. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, ओले इंधन ही उपाधी तेथे लागते. त्याचप्रमाणे 'जन्म' याऐवजी 'पुरुषजन्म' असे म्हणावे लागते. मग त्या उपाधीला आधार कोणता?

जीमूतवाहनाला हा आधार सोपा होता. त्याने वारसा पिंडदानाच्या उपकाराशी बांधला. विज्ञानेश्वराने मात्र तो मार्ग नाकारला आहे. सपिंड या शब्दातील पिंड म्हणजे देह, आणि एकाच देहाचे अवयव ज्यांच्यात आले ते सपिंड, अशी त्याची व्याख्या. ही व्याख्या स्वीकारल्यावर मुलगी मुलाइतकीच सपिंड ठरते. म्हणून त्याने आणखी एक हेतू दिला आहे. पुत्रात पित्याचे अवयव अधिक असतात म्हणून पितृधन पुत्राकडे जाते, आणि कन्येत मातेचे अधिक असतात म्हणून स्त्रीधन कन्येकडे जाते. त्याच्या काळी या विधानाची परीक्षा करण्याचे साधन नव्हते. आज आहे. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, पित्याकडून तेवीस आणि मातेकडून तेवीस गुणसूत्रे मिळतात. इतकेच नव्हे, तर पित्याकडून मुलीला येणारे एक्स गुणसूत्र मुलाला येणाऱ्या वाय गुणसूत्राहून आकाराने मोठे असते. हेतू मुळातच खरा नसतो, तेव्हा त्याला असिद्ध म्हणतात. विज्ञानेश्वराचा हा हेतू आज असिद्ध ठरला आहे. उपाधी गळून पडली आणि मूळ हेतू, जन्म, तेवढा शिल्लक राहिला.

आणखी एक उणीव नोंदवली पाहिजे. जन्मस्वत्वासाठी त्याने गौतमाचे म्हणून दिलेले एक वचन उपलब्ध गौतमसूत्रांत सापडत नाही. परंतु त्याचा मुख्य भर वचनावर नसून लोकप्रसिद्धीवर असल्यामुळे युक्तिवाद तेवढ्याने कोसळत नाही.

चतुर्थांशाचा हिशेब

मिताक्षरा मुलींच्या विरुद्ध आहे, असे मानून जे तिचा आधार घेतात त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. पित्याच्या पश्चात भावांनी अविवाहित बहिणींना चतुर्थांश द्यावा, असे याज्ञवल्क्याने म्हटले आहे. यावर एक पक्ष असा होता की, येथे 'चतुर्थांश' शब्दाला महत्त्व नाही. लग्नापुरते द्रव्य दिले की झाले. विज्ञानेश्वराने हा पक्ष स्पष्टपणे खोडून काढला. 'चतुर्थांश' या शब्दाचा अर्थ सोडून देण्याला प्रमाण नाही, आणि न देणाऱ्याला पातक सांगितलेले आहे. तेव्हा पित्याच्या पश्चात कन्याही अंशभागिनी आहे, असा त्याचा निष्कर्ष. या बाबतीत असहाय आणि मेधातिथी यांचे व्याख्यान योग्य, भारुचीचे नव्हे, असेही तो नाव घेऊन सांगतो.

त्याने हिशेबही दिला आहे. एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर धनाचे दोन भाग करावे आणि त्यांतील एका भागाचा चतुर्थांश मुलीला द्यावा. म्हणजे एकंदर धनाचा अष्टमांश. दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर तीन भागांतील एकाचा चतुर्थांश, म्हणजे बारावा अंश. आता याच कुटुंबाचा पुढचा हिशेब पाहू. आई हयात नाही असे समजू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पित्याच्या मृत्यूसमयी काल्पनिक वाटणी होऊन पित्याचा अर्धा हिस्सा मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जाई. मुलीच्या वाट्याला एकंदर मिळकतीचा चतुर्थांश येई. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद झाली आणि तिचा वाटा अर्धा झाला. अष्टमांश, चतुर्थांश, अर्धा. नऊशे वर्षांत प्रमाण बदलले. मुलीला 'वाटा' असतो हे तत्त्व मात्र कल्याणातच मान्य झालेले होते.

स्त्रीधनाच्या बाबतीतही त्याने असेच केले आहे. स्त्रीधन म्हणजे लग्नात मिळालेले दागिने एवढा संकुचित अर्थ त्याने घेतला नाही. शब्दाचा व्युत्पत्तीने येणारा अर्थ शक्य असताना पारिभाषिक अर्थ घेणे अयोग्य, असे म्हणून वारसा, खरेदी, वाटणी इत्यादी मार्गांनी स्त्रीला मिळालेले सर्व धन त्याने स्त्रीधनात घातले. ही व्यापक व्याख्या पुढे प्रिव्ही कौन्सिलने मानली नाही. स्त्रीच्या पूर्ण मालकीचे तत्त्व १९५६ च्या कायद्याने आणले.

कायद्यातही तर्काची अशीच कसोटी लागली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून मुलींना सहदायाद केले, परंतु त्या आधी विवाह झालेल्यांना वगळून. ज्यांच्या जमिनी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत अशा कुटुंबांत, या पाच-सहा आठवड्यांत लग्न झालेल्या मुलीचा हक्क निलंग्याकडच्या शेतात वेगळा आणि भालकीकडच्या शेतात वेगळा, अशी विसंगती त्यातून संभवत होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट काढली. मग प्रश्न आला की, त्या तारखेस पिता हयात असणे आवश्यक आहे काय? कर्नाटकातून गेलेल्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठांनी २०१५ आणि २०१८ साली जे निर्णय दिले, ते एकमेकांशी जुळणारे नव्हते. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्वाळा दिला की हयातीची अट नाही. त्याचा आधार विज्ञानेश्वराचाच. अप्रतिबंध दाय आणि सप्रतिबंध दाय असे दोन प्रकार त्याने केले होते. जन्माने येणारा दाय अप्रतिबंध असतो, कोणाच्या मरणाची वाट तो पाहत नाही. मग पित्याची हयात अप्रस्तुत ठरते. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मोडता येत नाहीत.

घरांतील युक्तिवाद

राज्य सरकारच्या सेवेत असताना, आणि निवृत्तीनंतर आप्तेष्टांच्या बैठकींतही, हक्कसोडपत्राच्या प्रसंगी मांडले जाणारे युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. माणसे वेगळी, गावे वेगळी, पण कारणे तीच. त्यांची परीक्षा करू.

'तिच्या लग्नात तिला दिले, तोच तिचा वाटा.' येथे 'दिले' हा शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. देणगी देणे वेगळे आणि ज्याचे त्याला देणे वेगळे. हा वाक्छल होय. शिवाय मुलांच्या लग्नांतही खर्च होतो, तो त्यांच्या वाट्यातून वळता होत नाही. लग्नखर्च म्हणजेच वाटा हे मत विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी खोडले आहे, हे वर पाहिलेच.

'मुलींना दिले तर जमिनीचे तुकडे होतील.' तुकडे होतात हे खरे. पण चार मुलगे असले तरी तुकडे होतातच, आणि तेथे हे कारण कोणी पुढे करीत नाही. हेतू जेथे आहे तेथे साध्य नाही. हा सव्यभिचार हेत्वाभासाचा पाठ्यपुस्तकात द्यावा असा नमुना आहे. तुकडे टाळणे हे खरोखर उद्दिष्ट असेल, तर जमीन एकत्र कसून उत्पन्न वाटून घेणे, अथवा रास्त किंमत देऊन वाटा घेणे, हे मार्ग आहेत. देणे अथवा तुकडे करणे हे दोनच पर्याय आहेत, असे भासविणे हा आणखी एक दोष.

'तिला सासरी मिळतेच की.' सून म्हणून तिला सासरच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क नाही, तेव्हा हेतूच असिद्ध. आणि तेथे तिच्या नणंदेलाही हेच सांगितले जाते. प्रत्येक घर पुढच्या घराकडे बोट दाखविते. ज्या साखळीला शेवटचा आधार नसतो, तिला शास्त्रात अनवस्था म्हणतात.

'तिने स्वखुशीने सही केली.' खुशीचा पुरावा काय, तर सही. आणि ती सही खुशीचीच कशावरून, तर बहिणी नेहमी खुशीनेच करतात. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे, हा साध्यसम हेत्वाभास. नोंदणीमुळे सही केल्याचे सिद्ध होते, खुशी नव्हे. खरोखर खुशीने वाटा सोडणाऱ्या बहिणी असतात, त्यांच्या मोठेपणाला आमचे वंदन. पण आपला वाटा किती हे माहीत झाल्यावर सोडला, तरच त्याला त्याग म्हणता येईल.

'वाटा मागितला तर माहेर तुटेल.' वरवर पाहता हे परिणामांचे भाकीत आहे. परंतु माहेर तोडणारा आणि भाकीत करणारा एकच असतो. तेव्हा हा युक्तिवाद नसून धमकी आहे, आणि धमकीला हेतू लागत नाही. सणाला बोलावणे, पहिले बाळंतपण, भाऊबीज या गोष्टींची किंमत एकरांत करणे हे ज्या घरात घडते, तेथील माहेर आधीच तुटलेले असते.

'आपल्यात अशी पद्धत नाही.' परंपरा आहे म्हणून ती योग्य, हा युक्तिवाद मिताक्षरेच्या आधाराने करणाऱ्यांची तर पंचाईतच होते. ज्येष्ठ पुत्राला अधिक वाटा देणे शास्त्रात सांगितलेले असतानाही, लोकांना ते अप्रिय झाले म्हणून विषम विभाग करू नये, असे विज्ञानेश्वर म्हणतो. शास्त्रोक्त गोष्टही लोकविद्विष्ट झाली की सोडावी, हे त्याचे तत्त्व. परंपरा बदलते हे ज्या ग्रंथाने स्वतःच मान्य केले, त्याला न बदलणाऱ्या परंपरेचा साक्षीदार करता येणार नाही.

दुसरी बाजू

न्यायबुद्धीने पाहता मुलींच्या बाजूनेही काही सदोष युक्तिवाद होतात, ते सांगितले पाहिजेत. 'कायदा आहे म्हणून न्याय्य आहे' हे विधान तितकेसे खरे नाही. १९५६ चा कायदाही कायदाच होता आणि त्यात मुलीला निम्मे मिळत नव्हते. न्याय्यता स्वतंत्रपणे दाखवावी लागते. 'जो भाऊ हरकत घेतो तो लोभी' हा मुद्द्याऐवजी माणसावर केलेला हल्ला होय. लोभी माणसाची हरकतही क्वचित बरोबर असू शकते. 'बापाच्या सर्व मिळकतीत जन्मतः निम्मा वाटा' हे अतिव्यापक विधान आहे. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा भेद त्यात पुसला जातो. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करण्याचा पित्याचा अधिकार कायम आहे. आणि ज्या भावाने वीस वर्षे म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा केली, कोरडवाहू जमीन राबून टिकविली, त्याच्या श्रमांचा हिशेब होऊ नये काय, हा प्रश्न तर दोष नसून खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र बहिणीचा वाटा शून्य करणे हे नव्हे. श्रमांचे मोल श्रमांच्या हिशेबाने व्हावे. वाट पाहत बसलेल्या बहिणीला तोच प्रश्न उलट विचारता येतो की, सेवेची संधी तिला किती मिळाली?

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा केवळ पाडण्यासाठी होते ती वितंडा. आपल्या घरांतील वाटणीच्या बैठका बहुधा जल्पाने सुरू होतात आणि वितंडेने संपतात. वाद व्हावयाचा तर दोन्ही बाजूंना ठाऊक असलेले काहीतरी समान असावे लागते. पहाणीपत्रक बहिणीने पाहिलेलेच नसेल, सर्व्हे नंबर किती आणि क्षेत्र किती हे तिला ठाऊकच नसेल, तर तेथे वादाचा आरंभही होऊ शकत नाही.

विज्ञानेश्वराच्या ग्रंथाविषयी आमचा अभिप्राय थोडक्यात असा. स्वत्व लौकिक आहे हा त्याचा सिद्धांत भक्कम आहे. जन्माने स्वत्व येते हाही त्याच्या व्यवस्थेत सुसंगत आहे. पुरुषत्वाची उपाधी त्याने ज्या हेतूवर उभी केली, तो हेतू मात्र आज टिकत नाही. कायद्याने ती उपाधी काढली तेव्हा मिताक्षरा मोडली नाही, उलट तिचा मूळ युक्तिवाद त्याच्या टोकापर्यंत गेला. याच जिल्ह्यात जन्मलेल्या ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तो वाचून बाळगावा, एवढी अपेक्षा अवाजवी होणार नाही.

वाचकांना एक लहानशी सूचना करून थांबतो. ज्या घरात पुढे कधी हक्कसोडपत्र करण्याचा विचार निघेल, तेथे दस्त लिहिणाऱ्याकडे जाण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्या. बहिणीने वाटा सोडावा, ही पहिली ओळ. त्याचे कारण, ही दुसरी. हेच कारण लागू करून एखाद्या भावाने वाटा सोडला, असे आपल्या माहितीतील एक उदाहरण, ही तिसरी. ते उदाहरण या घराला कसे लागू पडते, ही चौथी. म्हणून तिने सोडावा, ही पाचवी. तिसरी ओळ कोरी राहिली, तर तो कागद बहिणीच्या हाती द्यावा आणि पहाणीपत्रकाची एक प्रत त्याला जोडावी.